गप्प बसवणारी पेशी

“पोट दुखून राह्यलं, अन् हे बाई वांग्यात तिखट कोंबून राह्यली.”

ही कुरकुर पंजाबरावांची. चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोला, गोजराबाईंना, ती ऐकू गेली की नाही, ठाऊक नाही. मला मात्र स्पष्ट आली. कारण मित्रांनो, मी राहते तीच मुळी पंजाबरावांच्या पोटात. मी त्यांच्या मोठ्या आतड्यातली एक जुनी पेशी आहे. आम्ही एकीतून दुसरी अशा होत जातो, म्हणून माझं नेमकं वय मलाही सांगता येत नाही. मागच्यांच्या आठवणी तेवढ्या माझ्यापाशी आहेत.

माझा जन्म हाडाच्या आतल्या मगजातला. लहानपणीच मला छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत शिकायला धाडलं. तिथे विषय एकच: आपलं कोण आणि परकं कोण. जिला ते कळत नाही, ती तिथून बाहेरच पडत नाही. मी पास झाले. माझ्या बहिणी लढायला गेल्या आणि माझ्या वाट्याला आलं लढणाऱ्यांना शांत करणं.

हसू नका. शेतात रोही, म्हणजे नीलगाय, शिरला की राखणदार गोफण फिरवतो, ते ठीकच. पण रोही निघून गेल्यावरही तो धोंडे मारतच राहिला, तर स्वतःचीच वांगी फोडेल. तेव्हा कुणीतरी हात धरून म्हणावं लागतं, बस बापा, गेला तो. आतड्यात हे म्हणणारी मी.

पुष्कळ वर्षं छान गेली. आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, त्यातले बहुतेक शेजारधर्म पाळणारे. मी हात धरायची, राखणदार ऐकायचे. कौतुक कुणी केलं नाही. पोट दुखत नाही म्हणून पोटाला शाबासकी कोण देतं?

मग राखणदार ऐकेनासे झाले. का, ते मलाही नीट कळलं नाही, आणि डॉक्टरांनाही अजून पुरतं कळलेलं नाही म्हणतात. आतड्याला सूज आली, व्रण पडले. वाशिमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, की बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, आणि अधूनमधून दुर्बिणीने आतून बघून घ्यायचं. गोळ्यांनी राखणदार निवले, माझ्याही जिवाला बरं वाटलं. पंजाबरावांना तर इतकं बरं वाटलं, की त्यांनी गोळ्याच सोडल्या. दुर्बीण कुठून घालतात हे कळल्यावर त्यांनी त्या दवाखान्याचा रस्ताच टाकला.

सूज परत आली. व्रण पडायचे, भरायचे, पुन्हा पडायचे. भरायचं म्हणजे नव्या पेशी घाईने घडवायच्या, आणि घाईच्या कामात चुका राहतात. अशीच चुका साठलेली एक पेशी मरायला तयार होईना. ती वाढत सुटली, तिची गाठ झाली. आता खरं तर लढायची वेळ होती. पण गाठ लबाड असते. ती माझ्यासारख्यांनाच आपल्याभोवती गोळा करते. आम्ही सवयीने राखणदारांचे हात धरून बसतो आणि ती आमच्या आडोशाने वाढते. अजून ती लहान आहे. आता कुणी पाहिली तर काढता येईल. पण पाहणार कोण?

घरात तरी वेगळं काय चाललं होतं? पंजाबरावांचा भाजीपाल्याचा मळा इंझोरीच्या शिवारात. पहिल्यांदा संडासात लाल दिसलं, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी खरंच घरच्या वाफ्यातलं बीट खाल्लं होतं. बीटाने तसं होतंही. त्यांना इतकं हायसं वाटलं, की पुढे दर वेळी त्यांनी बीटच खाल्लेलं निघू लागलं. संडास धुतात गोजराबाई. त्यांनीही पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आपण होऊन बीटाचे दोन वाफे जास्त लावले. नवऱ्याला लाजेपासून वाचवायला बाई काय काय पेरते, बघा.

म्हणून मित्रांनो, मागणं एवढंच आहे. पोटाच्या दुखण्याला खोटं नाव देऊ नका. डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलेल्या गोळ्या आपल्या मनाने सोडू नका. गप्प बसवणं हे माझं काम आहे, आणि मलाही ते कुठे थांबवावं हे दर वेळी समजत नाही. तुम्हाला तर तोंड आहे.

काल त्यांची लेक तनुजा माहेरी आली. बापाचा सदरा खांद्यावरून ओघळलेला पाहून तिने एवढं वाळल्याचं कारण विचारलं. पंजाबराव म्हणाले, ऊन वाढलं, त्यात भाजी घेऊन शेलूबाजारच्या चकरा. मग जेवताना तिने आवाज खाली आणून विचारलं, की सकाळी संडासात लाल दिसलं, ते काय होतं.

“काही नाही वं,” पंजाबराव ताटात बघत म्हणाले. “बीट खाल्लं होतं.”

तनुजाने आईकडे पाहिलं. गोजराबाईंनी हातातली अर्धी थापलेली भाकर परातीत सोडली.

“बीट होळीच्या आंधीच सरलं,” त्या म्हणाल्या. “त्या वाफ्यात आता गवार हाये. ते बीट नोहे, तनू. ते रगत हाये.”