उबवणपेटीतली फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कपाटात शोधाल तर सापडणार नाही. खरे तर संगणकाच्या डिस्कवरही मला जागा नाही. कोणी वाचायला घेतले की मी असते, वाचून झाले की नसते. मधल्या वेळात मी कुठे जाते, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

संगणकाच्या गाभ्यात कर्नल नावाचा कारभारी असतो. पंखे, ऊब देणारे तापक, सारे त्याच्या हुकमात. त्याच्याशी बोलता यावे म्हणून माझ्यासारख्या फायली करतात. फाईलमध्ये लिहिले की तो हुकूम मानतो, वाचली की उत्तर देतो.

मला एका लेकीने घडवले. तिची आई अंडी उबवून पिल्ले विकायची. उबवणपेटीत ऊब किती, हे सांगणे माझे काम. पेटीतला पंखा सगळ्या अंड्यांना ऊब आणि हवा पोचवी, पण फिरत्या हवेत मोजमाप चुके, म्हणून लेकीने युक्ती केली. मला वाचले की कर्नल आधी पंखा थांबवी, हवा स्थिर झाली की ऊब मोजी आणि पंखा पुन्हा चालू करी. भिंतीवर तिने संगणकाचा एक पडदा लावला. तो उजळला की मला एकसारखा वाचत राही.

"बघ, आता झाकण उघडायला नको," लेक म्हणाली.

"गुणाची गं माझी," आई म्हणाली. तेव्हा मला फार बरे वाटले होते.

पिल्ले कवच फोडायच्या बेताला आली. आतून टकटक ऐकू येऊ लागली आणि आईचा जीव थाऱ्यावर राहीना. ती पडद्यासमोरून हलेना. पंखा थांबू लागला. आईच्या हाकेने लेक धावत आली, पडदा बंद करून तिने झाकण उघडले. पंखा छान फिरत होता.

"तू आलीस की फिरतो," आई म्हणाली. "मी एकटी असले की थांबतो."

"रुसला असेल तुझ्यावर."

"थट्टा नको. डावीकडची टकटक बंद पडलीय."

लेक आईशेजारी बसली. आईने पडदा उजळला. पंखा थांबला. लेकीने तो विझवला. पंखा फिरू लागला. पुन्हा उजळला, पुन्हा थांबला.

"आई, नको बघूस."

"का गं?"

"तू बघतेस म्हणून थांबतोय."

आईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "मी तर नुसती बघत होते."

लेकीने तिथेच बसून मला बदलले. आता वाचणाऱ्याला मी शेवटचे मोजमाप सांगते, बाकी काही हलत नाही. नवे मोजमाप हवे तर दुसऱ्या फाईलमध्ये तसा हुकूम लिहावा लागतो. मग दोघींनी पेटीला कान लावले. बऱ्याच वेळाने उजवीकडून टकटक आली. डावीकडून आली नाही.

"आता बघ, काही होणार नाही," लेक म्हणाली. पण आई पडद्याकडे पाठ करूनच उभी राहिली.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही अशा फायली कराल. कोणी नुसते वाचले तर आत काहीही बदलू देऊ नका. ज्याचा जीव अडकलेला असतो, तो पुन्हा पुन्हा बघणारच. त्याच्या बघण्याने कोणाचा जीव जाऊ नये.