कामाक्षीचे हात

आमच्या हॉस्पिटलच्या आयसीयूत तिघांना एकच चिवट जंतू चिकटला, जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणारा. विभागप्रमुखांनी लगेच बोट दाखवलं ते कामाक्षीकडे. विभागप्रमुख म्हणजे डॉ. बालाजीराव, आमचेच हे. कामाक्षी तिथली जुनी सिस्टर. तिघांची ड्रेसिंगं तिनंच केली होती, आणि तिच्या हातांवरही त्याच नावाचा जंतू सापडला. सोमवारपासून तिला तिथून काढायचं ठरलं. ती माझ्या लॅबमध्ये येऊन मुकाट रडली. हात घासून घासून सालपटं निघाली होती.

माझं डोकंच फिरलं. मी सांगलीची, जंतूंची डॉक्टर. तंजावरच्या मराठी घरात पडले म्हणून जिभेला लगाम लागलाय असं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका, म्हटलं. आधी जनुकं तपासू दे. ह्यांनी ऐकवलं, पेशंट माझे आहेत. मी विचारलं, मग कामाक्षी कुणाची?

निकाल आला. तिघांचे जंतू सख्खी भावंडं निघाली. कामाक्षीच्या हातावरचा नुसता आडनावबंधू, नात्याचा नव्हेच.

मग त्या भावंडांचं घर शोधायला लागले. पलंग, पडदे, यंत्रं, सगळीकडचे नमुने घेतले, आणि घर सापडलं कुठे? हात धुवायच्या बेसिनच्या नळीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाणी सोडलं की तिथले जंतू शिंतोड्यांबरोबर शेजारच्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर उडत होते. पण नुसत्या पाण्यावर जंतू इतके माजत नाहीत, त्यांना कुणीतरी जेवू घालत होतं.

प्लंबरनं नळी उघडली. आत तपकिरी, बुळबुळीत गाळ. मास्कमधूनही तो वास मी ओळखला. कॉफीतली चिकरी, दूध, साखर. बाकी सगळे कँटीनचा चहा पितात. तांबरमच्या आमच्या घरून फिल्टर कॉफी थर्मासमधून येते ती एकाच माणसाला.

मी ह्यांच्या केबिनमध्ये शिरून दार लावलं.

"अहो, माझी कॉफी जाते कुठे?"

हे मान खाली घालून म्हणाले, "बेसिनात. फार गोड असते गं. तुला सांगवलं नाही."

अय्यो! इतकी वर्षं मी सांगलीच्या सढळ हातानं साखर घालतेय, आणि हा माणूस रोज रिकामा थर्मास आणून 'फक्कड झाली होती' म्हणतोय. राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर मायाही दाटून आली. पण कामाक्षीचे ते सोललेले हात डोळ्यांपुढून हलेनात.

"मला नसतं सांगितलंत तरी चाललं असतं," मी म्हटलं. "तिला सांगा. सगळ्यांसमोर."

सोमवारी राउंडला त्यांनी सांगितलं. चूक तिच्या हातांची नाही, माझ्या हातांची, म्हणाले, आणि तिची माफी मागितली. नळी बदलली. राखीव ठेवलेलं शेवटचं औषध लागू पडलं, तिघंही हळूहळू सुधारले. कामाक्षी आपल्या जागी राहिली.

आता कॉफी तीच करते, आयसीयूच्या बाहेर, स्टाफरूममध्ये. कडक डिकॉक्शन, साखर नावाला. माझ्यापेक्षा बरी होते, हे कबूल. पहिल्या दिवशी ह्यांनी टंबलर संपवून खाली ठेवला. कामाक्षीनं तो उचलला, सगळ्यांदेखत उलटा धरला आणि थेंब पडतोय का पाहिलं.