हिरव्याआधीचे चार सेकंद

माझ्या स्कूटीवर महिन्याभरात तीन चलानं आली. तिन्ही बिटको चौकातली, तिन्ही सकाळी सव्वासातची, आणि तिन्हींवर गुन्हा एकच, सिग्नल तोडून धोकादायक वाहन चालवणे. पूर्वी शे-दोनशेत भागायचं. आता दंड असा वाढवलाय की तिसऱ्याचा आकडा वाचून मी मटकन खालीच बसले.

फोटोत पाठमोरा माणूस, डोक्यावर हेल्मेट, अंगात माझ्या नवऱ्याचं, किशोरचं, जुनं जॅकेट. झालं, मी त्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, त्या वेळी मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पहिल्या पाळीत असतो, आणि ते जॅकेट हल्ली आबा घालतात.

आबा? मला हसूच आलं. माझे सासरे वीसच्या वर गाडी नेत नाहीत. प्रेसमध्ये तीस वर्षं नोटांच्या छपाईतल्या चुका शोधल्या, त्या नजरेचा केवढा तोरा! सृष्टीला, माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला, रोज तेच शाळेत सोडतात. असा माणूस सिग्नल कशाला तोडेल?

मला काही चैन पडेना. फोटो मोठे करून पाहिले. तिन्हींत ते एकटेच, म्हणजे पोरीला सोडून परत येताना. आणि तिन्हींत लाल सिग्नलवरचा आकडा तीन नाहीतर चार. मिनिटभर थांबलेल्या माणसाला शेवटचे चार सेकंद जड झाले? विचारलं तर आबा म्हणाले, कॅमेऱ्यातच घोळ असेल, आणि पेपर उघडून बसले.

शनिवारी सृष्टीला सुट्टी होती. मला स्टेशनला सोडा म्हणून मी मुद्दाम त्यांच्या मागे बसले. चौकात आम्ही सगळ्यांत पुढे. आबा पाय टेकून निवांत उभे. आकडा चारवर आला, मागच्या रिक्षावाल्याने सवयीने हॉर्न दाबला आणि आबांनी गाडी सोडली. उजवीकडून बस येत होती. मी किंचाळले. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, बस हातभर अंतरावरून गेली.

गाडी कडेला घेतली. सिग्नलकडे बोट करून मी विचारलं, "आबा, आता कितीचा आकडा आहे?"

त्यांनी डोळे बारीक करून तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "मागचे हॉर्न वाजवतात ना, तेव्हा निघतो मी."

माझा संताप संताप झाला. "आणि सृष्टी मागे असते तेव्हा? तेव्हा कसं चलान येत नाही?"

"ती सांगते, हिरवा झाला म्हणून." आबांनी मान खाली घातली. "दिवाळीपासून. तुम्हाला सांगायचं नाही, अशी मीच शपथ घातलीय तिला."

पोर रोज एवढं सांभाळत शाळेत जात होती, आणि मी घरात दंडावरून भांडत होते. मी हात पुढे केला. आबांनी चावी दिली आणि मागे बसले.