चमचा तिरका केल्यावर

चमचा तिरका केला की गाजराचा लगदा क्षणभर जागेवर थांबतो. मग त्याची खालची कड सैल होते आणि सगळा गोळा न तुटता, एकसंध, घसरून वाटीत पडतो. चमच्यावर एक पातळ थर मागे राहतो आणि त्यातून स्टीलची चकाकी दिसते. चकाकी दिसली नाही तर लगदा फार चिकट आहे, घशाला चिकटून बसेल. गोळा न पडता धार लागली तर पातळ आहे, श्वासनलिकेत उतरेल. या दोन्हींच्या मधली जागा अगदी अरुंद असते. त्या जागेत मी रोज आईचं जेवण बसवत होते.

अर्धांगाचा झटका आल्यावर आईची उजवी बाजू गेली, बोलणं बहुतेक गेलं आणि गिळणं अर्धवट राहिलं. इस्पितळात गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ही चमच्याची कसोटी त्यांनीच मला दाखवली. ती बघून मला हायसं वाटलं. मी रंगांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. तळाला भोक असलेल्या कपातून रंग खाली सोडायचा, त्याची धार केव्हा तुटते ते बघायचं आणि त्यावरून तो किती दाट आहे ते सांगायचं, हे माझं काम. म्हणजे आईच्या आजारातली निदान एक गोष्ट मला येत होती.

स्वयंपाक मात्र येत नव्हता. घरात तो प्रांत आईचा होता. “हिच्या हातात नुसतं पाणी दिलं तरी करपवेल,” असं ती पाहुण्यांसमोर सांगायची, आणि पाहुणे माझ्याकडे बघून हसायचे. मी कामावरून येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले की म्हणायची, “आल्या शास्त्रज्ञबाई. बसा. कशाला हात लावू नका.” मी हात लावत नसे. दोघींचं त्यात बरं चाललं होतं.

घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी आईच्या खाटेजवळ उभं राहूनच सगळं समजावून सांगितलं होतं. सध्या तोंडाने द्या, पण पुरेसं जाईल असं दिसत नाही. वजन उतरतच राहिलं तर पोटात नळी घालून त्यातून अन्न देता येईल. तोंडाने देत राहिलात तर ठसका लागण्याचा, छातीत संसर्ग होण्याचा धोका राहील. नळीने पोषण नीट जाईल, पण तो धोका पूर्ण टळेल असंही नाही, आणि त्यांच्या वयाला नळीने नक्की किती फरक पडेल ते मी सांगू शकत नाही. घरच्यांनी विचार करून ठरवा आणि पुढच्या भेटीत मला सांगा.

आई ऐकत होती. बोलणं संपायच्या आत तिने मान भिंतीकडे वळवली. थकली असेल, असं मी समजले.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सांगितलं, अजून ठरलं नाही. त्याच्या पुढच्या भेटीतही तेच सांगितलं.

घरी पहिली अडचण मिक्सरची आली. कितीही फिरवला तरी लगद्यात दाणे राहायचे. मी तो पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानात नेला. दुकान अरुंद होतं. छताला झाकणं, पट्टे आणि रबरी कडी लटकत होती. मिक्सरवाले खुर्चीवरून न उठता म्हणाले, “काय झालं याला?”

“बिघडला नाहीये. पण गाजर नीट बारीक होत नाही.”

त्यांनी भांड्यात डोकावून पात्याला बोट लावून पाहिलं. “केवढं घालता?”

“एक वाटी.”

“एक वाटी! ताई, एवढ्या भांड्यात एक वाटी म्हणजे मैदानात एकटा खेळाडू. पातं खाली गरगर फिरतंय आणि गाजर वर भिंतीला चिकटून मजा बघतंय. छोटं भांडं घ्या. नाहीतर पाहुणे बोलवा. घरात माणसं किती?”

“दोन.”

“मग पाहुण्यांचं राहू द्या.” ते हसले. मी हसले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. “बटाटाही यातच घालता की काय?”

“हो.”

“आणि त्याचा होतो डिंक.”

“हो.”

“टाकू नका. पुस्तकं चिकटवायला होईल.”

पात्याने पिष्टाचे कण फुटले की डिंकच होणार, हे मला दुकानात यायच्या आधी सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं. त्या दिवसांत गोष्टी मला उशिरा कळत. आदल्या दिवशी वाफेने मनगट पोळलं होतं आणि ते मला भांडी घासताना, साबण झोंबल्यावर समजलं.

“बटाट्याला मिक्सर दाखवायचासुद्धा नाही,” ते म्हणाले. “उकडायचा, आणि गरम असतानाच बारीक जाळीच्या गाळणीतून दाबून काढायचा. आणि गाजर पाण्यात शिजवत असाल तर सोडून द्या. वाफवा. पाण्यात शिजवलं की चव पाण्यात जाते आणि पाणी मोरीत. कोणासाठी करताय, बाळासाठी?”

“आईसाठी.”

त्यांनी यावर विनोद केला नाही. छोटं भांडं कपड्याने पुसून दिलं आणि झाकणाचं रबर बदलून दिलं.

दादाचा फोन दर संध्याकाळी येई. तो दूर राहतो. आईच्या आजारपणात येऊन गेला होता, पुन्हा येणार होता.

“काय ठरवलंस?” त्याने विचारलं.

“छोटं भांडं आणलं. आता दाणे राहत नाहीत.”

“अगं, मी भांड्याचं विचारत नाहीये.”

“बटाटा गाळणीतून काढते. एकदम मऊ होतो.”

पलीकडे वहिनीचा आवाज आला, “तिला जरा दम खाऊ दे की.” दादाने आवाज खाली आणला. मग म्हणाला, “हे बघ छोटे, तिथे तू आहेस. तू म्हणशील ते मला मान्य. पण काहीतरी म्हण तरी.”

“बघते.”

“‘बघते’ हा आपल्या घराण्याचा मंत्रच आहे. बाबा घराला रंग द्यायचं बघता बघता गेले.”

मी हसले असावे, कारण तोही हसला.

नंतर मी अजून एक गाळणी आणली, पहिलीहून बारीक जाळीची. मग भांड्याच्या कडा निपटून काढायला रबरी चमचा, मग वाढताना लगदा किती गरम आहे ते बघायला तापमापक. दादाने किंवा डॉक्टरांनी विचारलं की माझ्याकडे सांगायला काहीतरी नवीन असे. ओट्यावर सगळं आकारानुसार लावलेलं होतं. आईने तिचा ओटा ओळखला नसता.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. लगदा बरोबर दाट होऊन खोलीत जाई आणि आईचं जेवण अर्ध्यावर येईपर्यंत पातळ होई. दाटपणासाठी मी त्यात मक्याचं पीठ शिजवून घालत होते. मला वाटलं, ते कमी पडतंय. वाढवलं. तरी तेच. गिळण्याच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दुसरी पावडर मिळते, ती वापरून बघा. मिक्सरवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “ताई, माझी जबाबदारी भांड्याच्या झाकणापर्यंत.”

मग एकदा आईला भरवताना मी चमचा तिच्या तोंडातून काढून पुन्हा वाटीत बुडवला, आणि माझा हात वाटीतच थांबला. लाळ. लाळेतलं विकर पिष्ट तोडतं, शाळेत आम्ही तो प्रयोग केला होता. चमच्यावरून ती थोडी थोडी वाटीत जात होती आणि वाटीतलं अन्न पचायला सुरुवात होत होती. आईचा अर्धा चेहरा हलत नव्हता, जीभ एका बाजूला ओढली जात होती, पण हे काम बिनचूक चालू होतं. त्या दिवसापासून मी थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून घेऊ लागले. लगदा शेवटपर्यंत दाट राहू लागला.

आता कसोटीत काही उणं नव्हतं. दाणे नव्हते, गोळा एकसंध पडत होता, तापमान योग्य होतं. आणि आई तोंड उघडत नव्हती.

तीन-चार चमचे झाले की ती ओठ मिटून घ्यायची. “नको,” म्हणायची. हा एक शब्द तिला स्पष्ट येत होता. मी थांबायचे, उशी नीट करायचे, चमचा पुन्हा ओठांशी न्यायचे. “नको.” माझी समजूत अशी होती की गिळायची ताकद कमी होत चालली आहे. डॉक्टर म्हणाले होते ते हेच, असं वाटत होतं. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसे. मी त्याच्याकडे बघत, हातात चमचा धरून बसून राही. वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. काही वाटत नव्हतं. थोड्या वेळाने मी उठून उरलेलं टाकून द्यायचे, गाळणी धुवायचे आणि उभ्याउभ्या पाव खायचे.

एका दुपारी भोपळा होता. आईने दोन चमचे घेतले आणि तिसऱ्याला डावा हात वर केला. तो हात चांगला होता. तिने माझं मनगट धरलं, तेच पोळलेलं, आणि चमचा माझ्याकडे वळवला. मला वाटलं ती ढकलते आहे. पण ती ढकलत नव्हती. चमचा सांडू न देता, सावकाश, माझ्या तोंडाकडे आणत होती.

“तू,” ती म्हणाली.

“मी नंतर जेवेन, आई.”

“तू.”

मी तोंड उघडलं.

तोंडात कोमट, गुळगुळीत काहीतरी आलं. त्याला चव नव्हती. थोडी गोडसर झाक आली आणि तीही गेली. मागे राहिला तो फक्त दाटपणा. भिंतीच्या भेगा बुजवायचं लुकण मी कधी खाल्लेलं नाही, पण ते असंच लागत असणार.

मीठ नव्हतं. त्या दिवशी नव्हतं असं नाही. एकाही दिवशी नव्हतं. मीठ घालू नका असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मिठाने चमच्याच्या कसोटीत फरक पडत नव्हता, म्हणून ते माझ्या हिशेबात आलंच नाही. आणि मी चाखून पाहिलं नव्हतं, एकदाही. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी सांगतात, इथलं काहीही तोंडात घालायचं नाही. वाससुद्धा लांबून घ्यायचा, हाताने वारा आपल्याकडे घेत. इतक्या वर्षांत तो नियम अंगवळणी पडला होता. मी आईच्या ओट्याची प्रयोगशाळा केली आणि नियमही तोच पाळला.

आई माझ्याकडे बघत होती.

मी स्वयंपाकघरात गेले. भोपळा पुन्हा गरम केला, त्यात मीठ घातलं, चाखलं, आणखी घातलं. लोणी घातलं. मिऱ्याची वस्त्रगाळ पूड चिमूटभर घातली. लिंबू पिळलं, बी गाळणीत अडकली. चमचा तिरका करून पाहिला. मग पुन्हा चाखलं. चाखायचे चमचे ओट्यावर साचत गेले.

आईने पहिला घास बराच वेळ तोंडात ठेवला. मग हनुवटी खाली घेऊन, बाईंनी शिकवलं होतं तशी, गिळला. मी वाट बघत होते.

“लिंबू,” ती म्हणाली.

“जास्त झालं?”

तिने नकारार्थी मान हलवली. कमी झालं होतं. मग तिने पुढे काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. “शास्... शास्...”

“शास्त्रज्ञबाई,” मी म्हणाले.

तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

त्या दिवशी तिने अर्धी वाटी खाल्ली. शेवटी ठसका लागला. मी तिला पुढे वाकवून धरलं, तिचा खोकला मोकळा होईपर्यंत, श्वासातली घरघर जाईपर्यंत. तिची बोटं माझ्या पोळलेल्या मनगटावर आवळली होती आणि ते मला तेव्हाच्या तेव्हा कळलं.

यानंतर सगळं सुधारलं असं नाही. कधी ती अर्धी वाटी खाई, कधी दोन चमचे. वजन उतरतच होतं, फक्त उतरण्याचा वेग कमी झाला होता. याला सुधारणा म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. ‘नको’ मात्र वेगळं ऐकू येऊ लागलं. भोपळ्याला नको, सफरचंदाला हो. लिंबाला नेहमी हो. तिच्या ‘नको’ला अर्थ होता, तसा तो आधीही असणार. मला डॉक्टरांच्या बोलण्यावर भिंतीकडे वळलेली तिची मान आठवली.

मी तिच्या खाटेवर बसले. “आई, डॉक्टर म्हणाले ती नळी. पोटात घालायची. घालायची का?”

“नको,” ती म्हणाली.

एका उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. प्रश्न उलटा करून पाहावा लागतो. म्हणून मी विचारलं, “तोंडाने दिलं तर कमी जाईल. ठसका लागेल. छातीत उतरू शकतं. जिवावर बेतू शकतं. तरी तोंडानेच?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान खाली आणली आणि वर नेली, एकदाच, नीट. आणि चांगल्या हाताने बाजूच्या टेबलावरच्या वाटीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात दादाचा फोन आला. मी फोनचा आवाज मोठा करून तो तिच्या उशीपाशी ठेवला, तिलाही ऐकू जाईल असा.

“जेवली का?” त्याने विचारलं.

“सफरचंद चाललंय.”

“बरं. डॉक्टरांनी मलाही फोन केला होता. आता त्यांना उत्तर द्यायला हवं.” मग म्हणाला, “आता कुठली गाळणी आणलीस ते सांगू नकोस.”

आई ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हसली. माझ्या हातातल्या चमच्यावरून सफरचंदाचा गोळा घसरायच्या बेतात होता. मी चमचा सरळ केला.

“नळी घालायची नाही, दादा,” मी म्हणाले. “आईने सांगितलंय, आणि मलाही तेच वाटतं. ती तोंडानेच जेवेल. जेवेल तेवढं.”