इडिओपॅथिक म्हणजे काय

पहिला निळा डाग सविताला दिसला तो निकिताला अंघोळ घालताना, डाव्या मांडीवर. पाच वर्षांची पोर, दिवसभर अंगणात धडपडायची. कुठेतरी आपटली असेल म्हणून सविताने तो मनावर घेतला नाही. पण मग पाठीवर, दंडावर, कमरेवर तसेच डाग उमटले. पायांवर पिसवा चावल्यासारखे बारीक लाल ठिपके आले. निकिता मात्र खात होती, खेळत होती. दुखतंय म्हणून एकदाही रडली नाही.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची, घोटीची. सविताचा नवरा दत्तू तिथल्या एका राइस मिलमध्ये कामाला होता. सविता पेठकडची, दहावी झालेली, बोलायला सरळ. तिचं हे सरळ बोलणं सासूला, रंगूबाईला, लग्नापासूनच खुपत होतं. नातीच्या पाठीवरचे डाग पाहून रंगूबाईने कुणाला काही न विचारता निकाल लावून टाकला, की सून पोरीला मारते. शेजारच्या लंकाबाईला तिने तसं सांगितलंही. मग आळीतल्या बायका निकिताला जवळ ओढून आई मारते का म्हणून विचारायला लागल्या. पोर ती पोर, कधी नाही म्हणायची, कधी हो.

बायकांचं सविताला फारसं लागलं नाही. लागलं ते दत्तूचं. जेवताना ताटाकडे बघत त्याने हळूच विचारलं, "एखादी चापट जोरात बसली का गं तुझी?"

सविताने हातातला घास ताटात ठेवला. "उद्या सुट्टी काढा," ती म्हणाली. "नाशिकला जाऊ. मी सांगून तुम्हाला पटायचं नाही, डॉक्टरच्या तोंडून ऐका."

नाशिकच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने पोक्त होत्या. त्यांनी निकिताला नीट तपासलं, रक्त तपासायला पाठवलं आणि दुपारी रिपोर्ट आल्यावर तिघांना आत बोलावलं. इडिओपॅथिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा, असं त्यांनी दत्तूकडे बघून सांगितलं. दत्तूचा चेहरा पांढरा पडला. एवढं लांबलचक नाव म्हणजे आजारही तेवढाच मोठा असणार, असं त्याला वाटलं.

बाईंनी मग सावकाश समजावलं. रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी हिच्या अंगात फार कमी झाल्यात. त्यामुळे कातडीखाली रक्त साकळतं आणि डाग दिसतात.

"मारल्याने होतं का असं?" सविताने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातलेल्या दत्तूकडे. काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं.

"नाही," त्या दत्तूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मारून पेशी कमी होत नाहीत. हिच्या आईचा यात काही दोष नाही."

"मग कशाने झालं?"

बाईंनी मागे ताप आला होता का ते विचारलं. आला होता, साधाच, सर्दीचा. तशा तापानंतर काही मुलांना हे होतं, बाई म्हणाल्या, पण ताप तर सगळ्यांनाच येतो. मग ह्याच मुलीला का, ते सांगता येत नाही.

"एवढ्या मोठ्या नावात तेही नाही सांगितलेलं?"

बाई हसल्या. "सांगितलंय ना. पहिलाच शब्द. इडिओपॅथिक म्हणजे कारण माहीत नाही."

सविताला ते खरंच वाटेना. माहीत नाही एवढंच म्हणायला इंग्रजीत असला भारदस्त शब्द? बाई म्हणाल्या, एक कुठे, पुष्कळ आहेत. क्रिप्टोजेनिक म्हणजे कारण कुठेतरी दडलंय, सापडलेलं नाही. नाव कुठलंही द्या, शोध अजून चालूच आहे. सविताने त्यांच्याकडून पहिला शब्द पुन्हा म्हणवून घेतला आणि जीभ वळेपर्यंत स्वतः म्हणून पाहिला.

उड्या मारू द्यायच्या नाहीत, पडू द्यायचं नाही, अंगदुखीच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत, दर आठवड्याला रक्त तपासायचं, असं बाईंनी बजावलं. बहुतेक मुलं बरी होतात, हेही सांगितलं.

बसस्टँडवर निकिताला कडेवर घेऊन दत्तू बसची वाट बघत उभा होता. मग म्हणाला, "चुकलं माझं."

"मला नका सांगू," सविता म्हणाली. "घरी सांगा, सगळ्यांसमोर."

त्याने सांगितलं. ओट्यावर रंगूबाई आणि लंकाबाई बसल्या होत्या. सविताने पोरीला हात लावलेला नाही, हा रक्ताचा आजार आहे, आणि मीही तिच्यावर संशय घेतला ते चुकलं, असं तो उभ्याउभ्याच बोलला. मग त्याने आजाराचं नाव सांगितलं आणि सगळं बिनसलं. लंकाबाईला लगेच आठवलं, की तिच्या माहेरी एक बाई असल्याच कशाने तरी गेली. रंगूबाईने डोळ्याला पदर लावला.

"गरवार असताना गिराणात भाजी चिरली हिनं," ती म्हणाली. "मी तवाच नको म्हणलं होतं. त्याचंच हाय हे."

सविता पायरीवर बसली. तिचा आवाज चढला नाही.

"आत्याबाई, इडिओपॅथिक हे आजाराचं नाव नाही. त्याचा अर्थ, कशाने झालं ते माहीत नाही."

"येवढी शिकलेली डाक्टर, आन तिला म्हाईत नाय?"

"नाही. एवढं शिकूनही ती तसं म्हणाली. मग आपल्याला म्हणायला काय हरकत आहे?"

लंकाबाई भाकरी टाकायच्या राहिल्यात म्हणून उठली.

त्याच आठवड्यात एका सकाळी निकिताच्या नाकातून रक्त वाहू लागलं. परकर लाल झाला. सविताने तिला पुढे वाकवून नाकाचा शेंडा चिमटीत घट्ट धरला. रंगूबाई धावत येऊन खाली तांब्या धरून बसली. रक्त थांबेपर्यंत दोघींचे खांदे एकमेकींना टेकलेले होते. त्यानंतर ग्रहणाचा विषय निघाला नाही. रक्त तपासायला जायच्या दिवशी रंगूबाई आपणहून लुगडं बदलून तयार बसायची, आणि बसमध्ये कुणी डागांबद्दल विचारलं तर तोऱ्यात सांगायची, की ह्याचं कारण अजून कुणालाच म्हाईत नाय.

हळूहळू पेशी वाढत गेल्या. डाग हिरवट झाले, पिवळे पडले आणि दिवाळीच्या आधी पुसून गेले. शेवटच्या तपासणीत बाई म्हणाल्या, आता यायची गरज नाही.

"बरी कशाने झाली?" सविताने विचारलं. "तुम्ही तर औषधच दिलं नाहीत."

"तेही नक्की सांगता येत नाही."

"त्यालाही शब्द असेल."

"आहे की. स्पॉन्टेनियस."

"म्हणजे?"

"आपोआप."

सविता हसली. हा शब्द आपल्याकडे होताच, असं ती म्हणाली. दत्तूबरोबर ती बाहेर आली, तेव्हा निकिता आजीचा हात सोडवून दवाखान्याच्या जिन्यावरून धडाधड उतरत होती. खालच्या पायरीवर ती घसरली, गुडघ्यावर आपटली आणि तिने भोकाड पसरलं. दत्तू धावणार तोच सविताने त्याला दंडाला धरून थांबवलं.

"पडू द्या," ती म्हणाली. "उठेल ती."