कवच आणि बाबांचा आवाज

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. 'डेटागुरू' म्हणून मिरवणाऱ्या दुकानदाराने सगळ्यांदेखत कॉम्प्युटरवरचे लग्नाचे फोटो पुसले, रीसायकल बिनसुद्धा रिकामी केली. मग डोळे मिटून एक बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि फोटो जसेच्या तसे हजर! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वेगळी डिस्क नको, डोक्याला ताप नको," गुरू गरजला. "हा 'कवच' प्रोग्रॅम बसवा आणि निर्धास्त झोपा!"

मागे बायकोसोबत उभ्या असलेल्या केमिस्टने मान खाली घातली. गेल्या वर्षी याच टाळ्यांत त्याच्याही टाळ्या होत्या. मुदत तपासल्याशिवाय गोळी न देणारा हा माणूस, कवच मात्र डोळे झाकून घरी घेऊन गेला होता.

त्याचे वडील अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. घशाच्या ऑपरेशनआधी ते म्हणाले होते, "सगळं एका वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेव रे." त्याने हसून उडवून लावलं, "बाबा, आता कवच आहे!" ऑपरेशनने आवाज कायमचा नेला. मागच्या आठवड्यात घरच्या कॉम्प्युटरची डिस्क बंद पडली आणि त्यांच्या आवाजातली पुस्तकंही गेली.

बायको शाळेत विज्ञान शिकवायची. ती पुढे झाली.

"जादू छान आहे. आता आतली डिस्क काढून माझ्या हातात द्या, दुसरी बसवा आणि फोटो परत आणा."

"ताई, कवचावर विश्वास लागतो."

"विश्वास राहू द्या, डिस्क द्या."

"दाखवा की हो!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. गुरू जागचा हलेना. मग तिनेच माऊस हातात घेतला आणि लपवलेली फोल्डर्स उघडून दाखवली. एकात ते सगळे फोटो होते.

"ही तुमची जादू! नक्कल त्याच डिस्कवर लपवलेली. चुकून पुसलेलं मिळेल, पण डिस्कच मेली तर मूळही गेलं आणि नक्कलही."

"डिस्क कशाला मरतेय?" गुरू पुटपुटला.

"आमची मेली," केमिस्ट गर्दीकडे वळून म्हणाला. "यांनी फसवलं, खरंय. पण बाबांनी बजावलं होतं आणि मी त्यांना हसलो. तुम्ही तरी विचारा. नक्कल वेगळ्या डिस्कवर आहे का? एखादी घराबाहेर आहे का? ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलीत का? जो विचारू देत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका."

घरी येऊन तो बाबांच्या पायाशी बसला. "बाबा, रागवा ना माझ्यावर."

बाबांचे ओठ हलले. नुसती हवा बाहेर आली.

पुढे बाबांच्या जुन्या श्रोत्यांकडे फिरून त्याने त्यांच्या आवाजातली दोन पुस्तकं मिळवली. नवा प्रोग्रॅम निवडला, नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतली, दुसरी बहिणीकडे ठेवली आणि बायकोच्या कॉम्प्युटरवर दोन्ही उघडून पाहिल्या. खोलीत बाबांचा खणखणीत आवाज घुमला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. केमिस्टला मात्र त्यांच्याकडे बघवेना.