म्हैस आटवायची रीत

बोलतेय ती मी, केरबाची म्हैस. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे आणि तो माझ्यामुळं सुटला असं माझं मत आहे. केरबाची बायको बयाबाई म्हणते, तो तिच्यामुळं सुटला. तिलाही थोडं श्रेय देऊ.

माझा जन्म राधानगरीकडच्या एका गोठ्यातला. जात पंढरपुरी, शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली. दुसऱ्या वेताला केरबानं मला बाजारात पाहिलं. त्यानं शिंगं वितीनं मोजली, कासेला हात लावला, शेपूट ओढून बघितली. मी त्याच्या पायावर पाय दिला. "हिला सभाव हाय," म्हणाला आणि तरीही कोल्हापुरात घेऊन आला. हे त्याचं मोठेपण, मी नाकारत नाही.

आमचा धंदा उघड्यावरचा. संध्याकाळी चौकातल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईक समोर उभं, केरबा उकिडवा बसलेला आणि धार थेट पेल्यात. पाणी घालायला वावच नाही. पेला फेसासकट तोंडाला लावायचा, मिशी पांढरी करायची आणि मनगटानं पुसायची. दिवाळी पाडव्याला माझी शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधतात, आणि केरबा मोटारसायकलवर पुढं, मी मागं, असे आम्ही गल्लीगल्लीतून पळतो. एरवी मला धावपळ खपत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. दूध कासेत आहे म्हणजे ते मिळतंच असं नाही. जिवाला बरं वाटलं तर आम्ही पान्हा सोडतो, नाही वाटलं तर चोरतो. मग कुणी कितीही ओढो, थेंब पडत नाही. माणसांना ही सोय नाही. जिवाला कसंही वाटलं तरी ती सकाळी नऊला कामावर हजर होतात आणि धार देत राहतात. माणूस हुशार आहे असं तोच सांगत फिरतो, म्हणून हे नमूद केलं.

ऋषभ कट्ट्यावर येऊ लागला तेव्हा मी सहा महिन्यांची गाभण होते. तो सत्ताविशीतला, कुरुंदवाडच्या जैन शेतकऱ्याघरचा. दिवस बुडायच्या आत पोटात काहीतरी घालत जा, असं आईनं बजावलेलं. म्हणून ऑफिसच्या चहाच्या सुट्टीत तो स्कूटर दामटत दुधाला यायचा. घरोघरी इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीत तो तक्रारी ऐकायच्या टेबलावर होता. कोल्हापुरात नेट बंद पडलं की माणूस काय बोलतो आणि किती मोठ्यानं बोलतो, ते मी सांगायला नको. पण ऋषभ म्हणायचा, त्या शिव्यांचं काही नाही, शिवी देणाराच नेट आलं की जेवायला बोलावतो. धास्ती होती ती साहेबांची. साहेब कधी ओरडत नसत. ते सगळ्यांना 'डियर' म्हणत, आपण सगळे एक फॅमिली आहोत म्हणत, आणि दर दहा मिनिटांनी फोन करून विचारत, कुठं आहेस, किती झालं, बाकीचे तुझ्या पुढं कसे गेले.

हे सगळं त्यानं मला सांगितलं. पेला भरेपर्यंत तो माझ्या मानेवर एक हात ठेवून उभा राहायचा, आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून बोलायचा. लोकांना वाटे, पोरगा फोनवर आहे. फोनवर कुणी नसायचंच. सकाळी ऑफिससमोर स्कूटर लावून वीस वीस मिनिटं बसून राहतो, पाय उचलत नाहीत, असं तो म्हणायचा. रविवारी दुपारपासूनच पोटात मुरडा येतो. पोटाच्या डॉक्टरांनी पोट ठणठणीत आहे म्हणून सांगितलं आणि मनाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी घडी घालून पाकिटातच होती. एकदा म्हणाला, येताना समोरून ट्रक आला की वाटतं, ह्यानं धडक दिली तर निदान उद्याची मीटिंग तरी टळेल. मी रवंथ करायची थांबले. त्या दिवशी मला त्याची फार भीती वाटली.

साहेबांचा फोन खरोखरच वाजला की त्याचा हात माझ्या मानेवर गार पडायचा आणि थरथरायचा. ती थरथर कातडीतून थेट कासेपर्यंत जायची आणि पान्हा जागच्या जागी जिरायचा. मुद्दाम नव्हते करत. अंगाला कळतं ते डोक्याच्या आधी कळतं.

केरबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं आधी पेंड बदलली. मग दृष्ट काढली आणि मिरच्या जाळून मलाच खोकला आणला. शेवटी जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी सगळीकडून तपासून सांगितलं की म्हैस ठणठणीत आहे. म्हणजे ऋषभला आणि मला एकच निदान मिळालं.

कट्ट्यावर रोज येणारे हंबीरराव म्हणून एक जुने पैलवान आहेत. गुडघे गेलेत, सल्ला शाबूत आहे. ह्या पोराचा फोन वाजला की म्हैस आटते, हे त्यांनी हेरलं आणि दोष रिंगटोनला दिला. ऋषभनं बिचाऱ्यानं त्याच दिवशी बासरी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी साहेब बासरीतून आले. मी थेंब दिला नाही.

तेव्हा कट्ट्यावर पेले विसळत बसलेली बयाबाई उठली. तिनं ऋषभचा हात माझ्या मानेवरून उचलून आपल्या हातात धरला. इकडं माझा पान्हा सुटला आणि तिकडं तिला सगळं कळलं.

"म्हशीला काय झाल्यालं न्हाय," ती म्हणाली. "तुला झालंय."

मग ऋषभ खाली बसला आणि जे मला सांगत होता ते सगळं त्या तिघांना सांगितलं. राजीनामा तीन महिन्यांपासून फोनमध्ये लिहून तयार होता, पाठवायचा धीर होत नव्हता. हंबीररावांचं म्हणणं पडलं की उद्या जायचं, कागद साहेबाच्या तोंडावर मारायचा आणि मागं वळून बघायचं नाही. केरबाचं म्हणणं, दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय पहिली सोडायची नाही. ऋषभ म्हणाला, दुसरीकडं मुलाखतीला गेलो होतो, पण स्वतःचं नाव सांगताना घाम फुटला आणि पाणी पिऊन परत आलो.

खरी गाठ वेगळीच होती. ही नोकरी त्याच्या थोरल्या चुलत्यांनी, आण्णांनी, शब्द टाकून लावलेली. आमच्याकडं शब्द टाकून लागलेली नोकरी एकट्याची नसते. ती सोडली की टाकणाऱ्याचा शब्द पडतो आणि त्याचा आवाज अख्ख्या भावकीत ऐकू जातो. राहावं तर जीव जाणार, सोडावं तर आण्णांची मान खाली जाणार, अशा कात्रीत पोरगा सापडला होता.

बयाबाईनं एवढंच सांगितलं, की आण्णांना दूध प्यायला घेऊन ये.

सोमवारी आण्णा आले. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. स्वतःच्या घरी सात म्हशी, त्यामुळं आल्या आल्या पुतण्याकडं न बघता त्यांनी माझ्याकडं बघितलं. दात बघितले, सड चाचपले आणि मान डोलावली. मी पाय द्यायचा विचार केला, पण ऋषभकडं बघून राहू दिला.

पेला निम्मा भरला असेल, तेवढ्यात ऋषभनं नोकरी सोडायचं सांगून टाकलं. आण्णांचा चेहरा उतरला.

"दुसरी गावलीया?"

"न्हाय, आण्णा."

"मग? मी शब्द टाकलाता तितं. उद्या लग्नाकार्यात कुनी इचारलं, पुतण्या काय करतोय, तर काय सांगू मी?"

आणि बरोबर त्याच घटकेला बासरी वाजली. त्याचा हात माझ्या मानेवर होता. धार मध्येच तुटली आणि आण्णांचा पेला निम्माच राहिला. सात म्हशींचा मालक तो, पान्हा चोरलेला त्याला दुसऱ्यानं सांगावा लागत नाही. आण्णांनी कासेकडं बघितलं, मग वर हाताकडं, मग पुतण्याच्या तोंडाकडं. पोरगा घामानं थबथबला होता.

बयाबाईनं पोराचा विषयच काढला नाही. ती म्हणाली, "आण्णा, तुमच्यात गाभण म्हस आटव्या म्हैन्याला लागली की काय करता?"

"आटिवतो की."

"का पर? दूध देतीया न्हवं ती?"

आण्णांना जरा रागच आला. एवढं साधं कुणी विचारतं का? त्यांनी तिला समजावलं, की शेवटचे दोन महिने धार बंद करून म्हशीला मोकळं ठेवावंच लागतं. तेव्हाही पिळत राहिलं तर पुढचं वेत वाया जातं आणि म्हैस कायमची बसते.

"आनि ते दोन म्हैने वैरन?"

"घालायचीच. त्यात काय इचारायचं?"

"मग ह्या पोराला कवा आटिवनार?" बयाबाई म्हणाली.

आण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. हंबीररावांना वाटलं आपली वेळ आली. ते म्हणाले, तर मग आजच्या आज तोडून टाकायचं.

"एकदम तोडायचं न्हाय, पैलवान," आण्णा म्हणाले. आता ते त्यांच्या विषयात आले होते. "कास सुजती. आदी दोन येळची एक येळ करायची. मग एक दिवसाआड. मग बंद."

माझ्यासमोर, माझ्या शेणाजवळ उभं राहून त्यांनी पुतण्याचा राजीनामा आखला. नियमाप्रमाणं एक महिना आधी कळवायचं. पहिल्या दिवसापासून संध्याकाळी सहानंतर फोन बंद, ती झाली एक वेळ कमी. साठलेली रजा सलग नाही घ्यायची, एक दिवसाआड टाकायची. रजेच्या पहिल्याच दिवशी पाकिटातली चिठ्ठी घेऊन मनाच्या डॉक्टरकडं. मग आण्णांनी हात पुढं केला आणि म्हणाले, आण तो फोन, साहेबाशी मी बोलतो.

ऋषभनं फोन दिला नाही. "शब्द तुमचा हुता, आण्णा," तो म्हणाला. "नोकरी माझी हाय."

त्यानं स्वतः राजीनामा पाठवला आणि स्वतः साहेबांना फोन लावला. आवाज कापत होता, पण शब्द एकही गिळला नाही. महिनाभर येईन, सहानंतर फोन घेणार नाही, तब्येतीसाठी सोडतोय, असं नीट सांगितलं. साहेब म्हणाले, डियर, असं फॅमिलीला सोडून जातात का?

"फॅमिली इथं शेजारीच उभी आहे, सर," ऋषभ म्हणाला. तो आण्णांकडं बघत होता की माझ्याकडं, यावर केरबाचं आणि माझं अजून एकमत नाही.

महिना सरळ गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी त्याला बढतीचं गाजर दाखवलं आणि पोरगं विरघळलं. थांबू का, असं विचारायला कट्ट्यावर आलं. बयाबाईनं त्याला सुनावलं, की आटवताना मधूनच धार काढली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. तो मुकाट्यानं परत गेला. एकतिसाव्या दिवशी ऑफिसनं केक कापला. साहेबांनी भाषण केलं आणि ऋषभला म्हणे पहिल्यांदाच त्याच्या नावानं हाक मारली.

आता माझं सांगते. मला आठवा महिना लागलाय. केरबानं मलाही त्याच रीतीनं आटवलं. सध्या मी कट्ट्यावर जात नाही, गोठ्यात बसून खाते आणि कुणी मला किती झालं म्हणून विचारत नाही. ऋषभ सकाळी चक्कर टाकतो. दर मंगळवारी डॉक्टरांकडं जातो, औषध घेतो, झोपतो. नोकरी अजून नाही. कधीकधी त्याची त्याला धास्ती वाटते, तसं तो मला सांगतो, आणि आता सांगताना फोन कानाला लावत नाही.

माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचा हात असा गार पडत असेल, तर त्याला दोन महिने वैरण घाला आणि मोकळं सोडा. आमच्यासाठी करता, ते आपल्या माणसासाठी करायला जड जाऊ नये. येते आता, केरबा ओला चारा घेऊन आलाय.

हां, एक राहिलं. गेल्या आठवड्यात कुरुंदवाडला भावकीतलं लग्न झालं. पंगतीत कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं आण्णांना विचारलंच, पुतण्या काय करतोय सध्या? जेवणारे हात थांबले. ऋषभ वाढायला उभा होता, त्याच्या हातात भाताचं पातेलं तसंच राहिलं. आण्णांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आटिवलाय त्याला. दोन म्हैने कुनी कासंला हात लावायचा न्हाय."